खोताची वाडी, म्हातारपाखाडी आणि आपल्या तोंडातला 'पोर्तुगीज' हा शब्द

गिरगावातली खोताची वाडी म्हणजे 'मुंबईतलं छोटं पोर्तुगाल', हे वाक्य तुम्ही कुठेतरी वाचलं असेलच. रील्सवर तर हमखास असतं. मागे गिटार, पुढे पिवळ्या-निळ्या रंगाचं लाकडी घर आणि वर मथळा: 'युरोपला जायची गरजच काय!'

गेल्या रविवारी आम्ही नऊ जण सकाळी खोताच्या वाडीत आणि दुपारपर्यंत माझगावच्या म्हातारपाखाडीत फिरलो. आमच्यात दोन कॉलेजची मुलं, एक निवृत्त शिक्षिका, एक आर्किटेक्ट आणि बाकी माझ्यासारखे हौशी. फोटो सगळ्यांनीच काढले, मीही काढले. पण या पोस्टमध्ये फोटो टाकत नाहीये. का, ते पुढे येईलच. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

चर्नी रोडला उतरून गिरगावात शिरलं की जगन्नाथ शंकरशेट रस्ता लागतो. दुकानांच्या पाट्या, टेम्पो, हातगाड्या, बेस्टची बस, सगळं एकावर एक. त्यातच एक अरुंद गल्ली आत जाते. माहीत नसेल तर तिच्यावरून पुढे निघून जाल. आत वीस पावलं टाकली की रस्त्याचा आवाज मागे राहतो. डावी-उजवीकडे एक-दोन मजली लाकडी घरं. पुढे व्हरांडा, त्याला लाकडी कठडा, उतरतं कौलारू छप्पर, पागोळीला कातलेल्या लाकडाची नक्षी आणि बऱ्याच घरांना बाहेरच्या बाजूने जिना. बाहेरचा जिना ही मोठी सोयीची गोष्ट. वरच्या मजल्याला स्वतंत्र वाट मिळते. वर भाडेकरू ठेवला तर त्याला मालकाच्या माजघरातून ये-जा करावी लागत नाही.

वाडीत एकेकाळी ६५ घरं होती असं सांगतात. आता तिशीसुद्धा गाठत नाहीत. वर मान केली की घरांच्या छपरांमागे टॉवर दिसतात. एका ठिकाणी तर कौलांवर सकाळचं ऊन पडायला दहा वाजावे लागतात, कारण पूर्वेची बाजूच इमारतीने झाकलीय.

आता त्या 'पोर्तुगीज' शब्दाकडे येतो. आधी तारखा बघूया, म्हणजे भावनेचा प्रश्न उरत नाही.

गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला १५३४ साली. मुंबईची बेटं त्याबरोबरच त्यांच्याकडे गेली. १६६१ साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या लग्नाचा करार झाला आणि त्यात मुंबई इंग्रजांना द्यायचं ठरलं. प्रत्यक्ष ताबा मिळाला १६६५ मध्ये. १६६८ मध्ये राजाने ती ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, वर्षाला दहा पौंड भाड्याने. (मुंबईत भाडी कमी असण्याची परंपरा बघा किती जुनी आहे!) उरलेली वसई चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये घेतली.

खोताची वाडी वसायला सुरुवात झाली अठराव्या शतकाच्या अखेरीस. म्हणजे मुंबईतून पोर्तुगीज सत्ता जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली होती. वसईतून जाऊनही अर्धं शतक होत आलं होतं. आज उभी असलेली बरीच घरं तर त्याहून अलीकडची वाटतात. आमच्यातल्या आर्किटेक्टने एका छपराकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "ही मंगलोरी कौलं. मंगलोरात बासेल मिशनचा कौलांचा कारखाना निघाला १८६५ साली. त्याच्या आधी हे छप्पर असं असूच शकत नाही." तिच्या म्हणण्याप्रमाणे त्याआधी नळीची कौलं असणार, जशी कोकणात होती.

मग बांधली कुणी? वाडीच्या नावातच उत्तर आहे. खोत. सरकारच्या वतीने सारा गोळा करणारा. इथले खोत म्हणजे दादोबा वामन खोत, पाठारे प्रभू समाजातले. त्यांनी आपल्या जागेचे तुकडे इथल्या ख्रिस्ती कुटुंबांना घरं बांधायला दिले. त्या कुटुंबांचे पूर्वज कोण? याच किनाऱ्यावरचे कोळी, भंडारी, कुणबी, आगरी आणि इतरही जातींचे लोक, पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झालेले. धर्म बदलला, आडनावं बदलली. भाषा राहिली मराठी, आणि आजही जुनी माणसं घरात मराठीच बोलतात, आपल्या वळणाची. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवरून पाणी आणतात, त्याला 'उमराचं पाणी' म्हणतात. बायकांचं जुनं नेसणं म्हणजे लुगडं. उन्हाळ्यात वर्षभराचा मसाला कांडून बाटल्यांत भरून ठेवतात, म्हणून त्याचं नाव 'बाटली मसाला'.

आणखी एक गोष्ट ऐका. ब्रिटिश काळात या समाजाला सरकारदरबारी 'पोर्तुगीज ख्रिश्चन' असं म्हटलं जाई. एकोणिसाव्या शतकात आगबोटी सुरू झाल्या, गोवा आणि मंगळूरहून ख्रिस्ती लोक नोकरीधंद्यासाठी मुंबईत येऊ लागले. गोवेकर हे खरोखर पोर्तुगालचे प्रजाजन. एकच धर्म, सारखीच आडनावं. सरकारी नोकऱ्यांत चढाओढ सुरू झाली. तेव्हा इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांना वाटलं, आपण वेगळे आहोत, आपण इथलेच आहोत आणि कंपनीच्या पहिल्या दिवसापासून आहोत, हे ठासून सांगायला पाहिजे. १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, त्यांनी संघटना काढली आणि कंपनीच्या नावावरून स्वतःला नाव घेतलं: 'ईस्ट इंडियन'.

म्हणजे बघा, 'आम्हाला पोर्तुगीज म्हणू नका' असं या लोकांनी १८८७ सालीच सांगितलंय. आणि आपण आज त्यांच्याच दारात उभं राहून त्यांच्या घराला पोर्तुगीज म्हणतोय.

कुणी म्हणेल, अहो पण त्या घरांवर पोर्तुगीज छाप आहेच की. आहे ना! खिडक्यांच्या घडणीत आहे, दारावरच्या क्रूसात आहे, व्हरांड्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायच्या सवयीत आहे. गोव्याच्या घरांशी नातंही दिसतं. पण मग छाप कशावर नाही? पाव हा शब्द पोर्तुगीज. बटाटा पोर्तुगीज. चावी, साबण, घमेलं, पगार, सगळे तिकडूनच आलेले शब्द. म्हणून आपण बटाटेवड्याला पोर्तुगीज पदार्थ म्हणतो का? 'आमचा वडापाव' म्हणतो, छाती पुढे काढून म्हणतो. घराच्या बाबतीत मात्र तेवढं मोठं मन होत नाही. लाकडाची चौकट, उतरतं छप्पर, पुढे बसायला पडवीसारखी जागा, मागे चूल आणि विहीर. कोकणातल्या माणसाला या घरात शिरल्यावर परकं वाटायचं काही कारण नाही.

हे सगळं नुसतं नावाचं भांडण असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. त्या दिवशी एका व्हरांड्यात बसून अर्धा तास जे ऐकलं, त्यासाठी लिहितोय.

सत्तरीपुढचे गृहस्थ. आम्ही घोळक्याने थांबलो तेव्हा ते पेपर वाचत होते. फाटकावर पुठ्ठ्याची पाटी: 'कृपया विचारल्याशिवाय फोटो काढू नये.' आमच्या बाईंनी मराठीत विचारलं, "अंकल, थोडं बोललं तर चालेल?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "मराठी? या, बसा. नाहीतर सगळे इंग्लिश सुरू करतात."

बोलता बोलता कळलं, घर पाचव्या पिढीचं. दोन्ही मुलं परदेशात. पुतणे वसईला. घराच्या कागदावर मयत आजोबांच्या वेळचीच नावं. वारस मोजले तर अठरा. त्यातले काही कॅनडात, काहींचा पत्ताच नाही. दर वर्षी मेमध्ये छपरावर माणूस चढवायचा. कौलं फुटलेली असतात, शेजारच्या बांधकामावरून काही ना काही पडतं. कौलं बसवणारे कारागीर आता मिळत नाहीत; जो यायचा तो गावी गेला. जो नवा आला, त्याने दोन दिवसांच्या कामात आणखी वीस कौलं फोडली. मागच्या पावसात एक वासा कुजला. तेच लाकूड, तसाच वासा बदलायचा, तरी कागद करा, नकाशा काढा, आर्किटेक्टची सही आणा, एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जा. ते म्हणाले, "वासा बदलायला आठ दिवस. परवानगी यायला पावसाळा संपला. तोवर ताडपत्री."

मग आमच्यातल्या पोराने निरागसपणे विचारलं, "पण अंकल, हे हेरिटेज आहे ना? सरकार पैसे देत नाही?"

ते हसले. वाईट वाटावं असं नाही, खरंच मनापासून हसले. म्हणाले, "हेरिटेज म्हणजे काय सांगू? घर आमचं, फोटो तुमचा, आणि गळती परत आमची."

हे वाक्य ऐकल्यावर मी मोबाईल खिशात टाकला.

आता थोडं कायद्याबद्दल, कारण प्रश्न तिथेच अडकलाय.

मुंबईत वारसा वास्तूंचे नियम आले १९९५ साली. इमारती आणि परिसरांच्या याद्या झाल्या, श्रेणी ठरल्या: पहिली, दुसरी, तिसरी. खोताची वाडी आणि म्हातारपाखाडी यांची गणना वारसा परिसरांत होते. यादीत असण्याचा अर्थ असा की पाडणं, बदलणं, वाढवणं या गोष्टींवर बंधन. हे बंधन हवंच. ते नसतं तर ही तीस घरंही राहिली नसती, हे मान्य करूया. पण यादीने मालकावर जबाबदारी टाकली आणि खर्चाचं मात्र त्याचं त्यालाच बघायला सांगितलं. विकासहक्क बुडाले तर त्याबदल्यात टीडीआर मिळण्याची तरतूद नियमांत आहे. मोठ्या इमारतीच्या ट्रस्टला, ज्याच्याकडे वकील आहे, आर्किटेक्ट आहे, त्याला ती वापरता येते. अठरा वारसांच्या, सहाशे-सातशे फुटांच्या घरात एकटा राहणारा सत्तरीचा माणूस टीडीआर कसा काढणार?

दुसरा धागा भाडेनियंत्रणाचा. १९४७ च्या भाडे कायद्याने मुंबईतली जुनी भाडी साधारण १९४० च्या पातळीवर गोठवली. त्या वेळी ते गरजेचं होतं, फाळणी आणि टंचाईच्या दिवसांत लाखो कुटुंबांना त्याने छप्पर राखून दिलं. आम्ही चाळीतली माणसं त्याच कायद्यावर वाढलो, त्यामुळे त्याला नावं ठेवायला जीभ वळत नाही. पण वाडीत ज्या घराचा वरचा मजला भाड्याने दिलेला होता, त्या मालकाला मिळणाऱ्या भाड्यात एक कौलसुद्धा येईना. १९९९ च्या नव्या कायद्याने, जो मार्च २००० च्या अखेरीस लागू झाला, वर्षाला चार टक्के वाढ दिली. पण चार टक्के कशावर? पन्नास रुपयांवर. चाळींसाठी निदान १९६९ पासून दुरुस्ती मंडळ आलं, उपकर आला, उपकरप्राप्त इमारत म्हणून पुनर्विकासाचा रस्ता आला. त्याची अंमलबजावणी कशी झाली यावर वेगळी पोस्ट होईल. पण जो माणूस स्वतःच्याच घरात राहतो, त्याला त्या उपकराच्या व्यवस्थेत जागाच नाही. तो ना भाडेकरू, ना मोठा जमीनदार. तो फक्त छोट्या जुन्या घराचा मालक, आणि घर पडू न देण्याचं काम त्याचं.

अशा माणसाकडे बिल्डरचा माणूस दर सहा महिन्यांनी येतो. आवाज न चढवता, मिठाई घेऊन येतो. अठराच्या अठरा वारस शोधून काढण्याची तयारीही त्याच्याकडे असते. सरकारी कार्यालयाला जे जमत नाही, ते त्याला जमतं. एका घराने हो म्हटलं की शेजारच्या घराच्या भिंतीला हादरे बसतात, कौलं फुटतात, ऊन जातं, आणि वर्षा-दोन वर्षांत तेही हो म्हणतं. हे हो म्हणणाऱ्यांना मी दोष देत नाही. गळक्या घरात राहून संस्कृती सांभाळा, असं दुसऱ्याला सांगणं फार सोपं असतं.

वाडीतल्या छोट्या प्रार्थनामंदिरापाशी थोडं थांबून आम्ही टॅक्सीने माझगावला गेलो.

माझगाव म्हणजे मुंबईच्या सात बेटांपैकी एक. डॉकयार्ड रोड स्थानकावर उतरलेल्या बहुतेकांना ठाऊक नसतं की हाकेच्या अंतरावर म्हातारपाखाडी नावाचं अख्खं गाव आहे. इथे खोताच्या वाडीपेक्षा गल्ल्या थोड्या मोकळ्या, गर्दी कमी. व्हरांड्यात कुंड्या, लाकडी जाळ्या, मांजरं. क्रूसाजवळ ताजी फुलं वाहिलेली होती. मुंबईच्या ख्रिस्ती वस्त्यांत असे क्रूस जागोजागी दिसतात, त्यातले कितीतरी १८९६ च्या प्लेगनंतरचे. त्या साथीत सरकारी पथकं घराघरांत शिरत होती, माणसं शहर सोडून पळत होती. जी राहिली, त्यांनी आपल्या गल्लीच्या तोंडाशी देव उभा केला. आपल्या गावांत साथीच्या वेळी वेशीवर देवीला गाऱ्हाणं घालायचे, तसंच.

आणि याच म्हातारपाखाडीत १८६४ साली जोसेफ बाप्टिस्टा जन्मले.

नऊपैकी पाच जणांनी हे नाव कधी ऐकलं नव्हतं. म्हणून सांगतो. बाप्टिस्टांचं घराणं मूळचं उत्तनचं. पुण्यात इंजिनीअरिंग शिकले, मग केंब्रिजला गेले, बॅरिस्टर झाले. लोकमान्य टिळकांचे जवळचे सहकारी. लोक त्यांना 'काका' म्हणत. १९१६ च्या एप्रिलमध्ये बेळगावला टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष टिळक नव्हते. अध्यक्ष होते जोसेफ बाप्टिस्टा आणि चिटणीस न. चिं. केळकर. स्वराज्य हा जन्मसिद्ध हक्क असल्याच्या टिळकांच्या घोषणेचं श्रेयसुद्धा काही अभ्यासक बाप्टिस्टांना देतात. कामगार चळवळीत ते होते, १९२० मध्ये आयटक स्थापन झाली त्यात पुढे होते. १९२५-२६ मध्ये मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले, म्हणजे आजच्या भाषेत महापौर. १९३० साली गेले.

डॉकयार्ड रोडच्या टेकडीवर पाण्याच्या टाकीवरची बाग त्यांच्या नावाने आहे. तिथून गोदी दिसते, जहाजं दिसतात, छान वारा असतो. आम्ही तिथेच डबे सोडले. बागेत फिरायला आलेल्या चार जणांना सहज विचारलं, हे बाप्टिस्टा कोण? एक जण म्हणाला, "कोणीतरी इंग्रज असेल." दुसरा म्हणाला, "पोर्तुगीज."

तिथे माझ्या डोक्यात सकाळपासूनच्या सगळ्या गोष्टी जुळल्या.

आपण घराला पोर्तुगीज म्हणतो तेव्हा नकळत ते परक्याच्या खात्यावर टाकतो. ते साहेबाचं होतं, साहेब गेला, घर उरलं. बघायला छान आहे, पण आपलं नाही. आणि जे आपलं नाही त्याची जबाबदारी कुणी घेत नाही. गड पडला की आपण पेटून उठतो. उठायलाच पाहिजे. चाळ पडली की कविता होतात, नाटकं होतात. खोताच्या वाडीतलं घर पडलं की 'अरेरे, किती क्यूट होतं' असं म्हणून आपण पुढे जातो. ज्या माणसाने टिळकांच्या बाजूला बसून स्वराज्य मागितलं, त्याच्या गावालाच आपण परदेश ठरवून टाकलंय. वसाहतीचा इतिहास बघायचा तर तो हाच. सत्ता बाहेरची होती. घरं बांधणारी, त्यात राहणारी आणि त्याच सत्तेशी भांडणारी माणसं इथलीच होती.

कुणाला वाटेल की 'मराठी घर' म्हणून मी उलट्या बाजूने शिक्का मारतोय. तसं नाही. ही ईस्ट इंडियन घरं आहेत, तेच त्यांचं नाव आणि तेच राहावं. ती या मुंबईची, या किनाऱ्याची, आपल्या शेजाऱ्यांची आहेत, एवढंच म्हणणं आहे. शेजाऱ्याच्या घराची कौलं उडाली तर आपण काय करतो, तेवढंच इथेही करावं.

मग करायचं काय? मी काही तज्ज्ञ नाही. पण त्या व्हरांड्यात आणि नंतर बागेत बसून नऊ जणांनी जे बोललो, ते मांडतो.

एक: वारसा यादीतल्या राहत्या घरांना मालमत्ता करात सवलत द्या. ज्या बांधकामावर तुम्ही बंधन घातलंय, त्याच्यावर निदान पूर्ण कर तरी घेऊ नका.

दोन: दर वर्षी पावसाळ्याआधी छपरांच्या दुरुस्तीसाठी छोटा निधी ठेवा. महापालिकेच्या अर्थसंकल्पात सुशोभीकरणाच्या नावाने दिव्यांच्या माळा आणि रंगीत कठडे होतात. त्यातला कणभर भाग या कौलांकडे वळला तरी दोन्ही वाड्या कोरड्या राहतील.

तीन: जसं होतं तसंच, त्याच सामानाने बदलायचं असेल, तर परवानगी आठवड्यात मिळाली पाहिजे. वासा कुजायला पावसाळा थांबत नाही.

चार: कौलं बसवणारे, लाकूडकाम करणारे कारागीर तयार करा. आयटीआयमध्ये असा अभ्यासक्रम निघू शकतो. काम फक्त या वाड्यांत नाही, अख्ख्या कोकणात आहे.

पाच: वारसनोंदीसाठी वॉर्ड पातळीवर मदत द्या. ही सगळ्यात कंटाळवाणी सूचना आहे आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाची. कागद स्वच्छ असतील तर घर राखायचं की विकायचं, हा निर्णय निदान घरातली माणसं मोकळेपणाने घेतील. आज तो निर्णय कागद शोधून आणणारा घेतो.

आणि आपल्यासारख्या फिरणाऱ्यांसाठी. वाडीत जा, जरूर जा. पण घोळक्याने ओरडत जाऊ नका. ती राहती घरं आहेत, सेट नव्हे. व्हरांडा दिसला म्हणून पायरीवर बसून पोझ देऊ नका; आत कुणीतरी आजारी असू शकतं. विचारून फोटो काढा, नाही म्हटलं तर नाही. वॉकचे पैसे घेणारे असाल तर त्यातला वाटा वाडीला द्या. कुणी मसाला, लोणचं, केक विकत असेल तर घासाघीस न करता घ्या. आमच्या बाईंनी बाटली मसाला घेतला. घरी जाऊन कालवणात घातला आणि संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं, "चव अगदी आमच्या आजीच्या मसाल्याच्या घराण्यातली."

गिरगावात मेट्रो स्थानक आलंय, जमिनीचे भाव आणखी चढणार. पुढच्या पाच-सात वर्षांत या तीस घरांचं जे व्हायचं ते होईल. त्याआधी हा विषय 'काय सुंदर जागा आहे' या वाक्याच्या पुढे गेला पाहिजे. पुढच्या वेळी मत मागायला कुणी दारात आलं की पाणी आणि खड्डे यांच्याबरोबर एवढंही विचारा: खोताच्या वाडीच्या आणि म्हातारपाखाडीच्या छपरांसाठी तुमच्याकडे काय आहे?

वाडीत, पाखाडीत किंवा वांद्रे, कुर्ला, वसई, उत्तनच्या अशा घरांत राहणारं कुणी हे वाचत असेल तर खाली नक्की लिहा. दुरुस्ती करताना काय अडलं, परवानगी कशी मिळाली, कारागीर कुठे सापडला. नावानिशी लिहायचं नसेल तर मेसेज करा. सगळं एकत्र करून आमच्या भागातल्या लोकप्रतिनिधींना नेऊन द्यायचं, असं आम्ही नऊ जणांनी ठरवलंय. दहावं कुणी येत असेल तर स्वागत आहे.